स्तुतीची लाज

आमच्या गावात कौतुक करत नाहीत. आम्ही वाईट माणसं आहोत असं नाही. कौतुक केलं की ज्याचं केलं तो अवघडतो, करणारा त्याहून अवघडतो, आणि मग दोघांनाही हवेबद्दल बोलावं लागतं. माझ्या लग्नात सासऱ्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि माझ्या नवऱ्याला, वेंडलला, म्हणाले, "याहून वाईटही मिळू शकली असती." त्या घरात माझ्याबद्दल निघालेला तो सगळ्यात मोठा शब्द. मी तो आजवर जपून ठेवला आहे.

आर्डिथ सोलहाइम या बाबतीत गावाच्याही चार पावलं पुढे. उंच, हाडापेरानं रुंद, स्वतःचे केस स्वतःच कापणारी बाई. तीसेक वर्षं ती आमच्या टोर्विकच्या वृद्धाश्रमाची मेट्रन होती. तिच्या हाताखाली काम केलेल्या पोरी सांगतात, की पहिला दिवस संपला की ती पाठ वळवून पडदे ओढताना विचारायची, "उद्या येशील ना?" हे जिला विचारलं ती घरी नाचत जायची. आणि जिला आर्डिथ "थँक यू" म्हणाली, तिनं दुसरीकडे काम शोधावं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा नवरा ऑर्विल गेला तेव्हा पास्टर तिच्याकडे बसायला गेले. अंत्यविधीला त्याच्याबद्दल काय बोलू, असं त्यांनी विचारलं. आर्डिथनं बराच विचार केला आणि म्हणाली, "चांगला होता. फाटक उघडं टाकायचा नाही." एवढ्यावर पास्टरना पाव तास काढायचा होता. पण विधीच्या वेळी ते वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकांवरचे शेतकरी खाली बघायला लागले. ज्याच्याकडे गुरं आहेत त्याला कळतं, तिनं केवढं सांगितलं ते.

माझी मुलगी मॅरेन सोळाव्या वर्षी आर्डिथकडे मदतनीस म्हणून लागली. म्हाताऱ्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. तिथे टॉलेफसन नावाचे एक आजोबा होते, ते जेवेनात. डॉक्टर झाले, दात बघून झाले, जेवण बदलून झालं. ताट समोर आलं की हात जोडून बसायचे आणि थोड्या वेळानं ताट सरकवून द्यायचे. मॅरेनच्या लक्षात आलं, की ते कशाची तरी वाट बघतात. आमच्या गावचे पूर्वज नॉर्वेहून आलेले; लहानपणी आजोबांच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना नॉर्वेजियनमध्ये म्हणायचे. ती कोणी सुरू केल्याशिवाय घास कसा उचलायचा? मॅरेननं शेजारच्या खोलीतल्या एका आजीकडून ती प्रार्थना घोकून घेतली. अर्थ कळत नव्हता, नुसती कानानं. दुसऱ्या दिवशी ताटाशेजारी उभी राहून म्हणाली. आजोबांनी पुढचे शब्द उचलले, आमेन म्हटलं आणि बटाटे खायला लागले.

आर्डिथ दारात उभी होती. ती म्हणाली, "ताट रिकामं दिसतंय." आणि गेली.

मॅरेननं घरी येऊन ते वाक्य मला दोनदा ऐकवलं. तिला डॉक्टर व्हायचंय हे तिनं मला सांगितलं ते त्यानंतर.

कॉलेज झालं, परीक्षेत चांगले गुण पडले, आणि तिनं आमच्या राज्यातल्या मेडिकल कॉलेजला अर्ज केला. अर्जाबरोबर तीन शिफारसपत्रं लागतात. ती लिहिणाऱ्यानं थेट कॉलेजला पाठवायची, मुलांना बघता येत नाहीत. एक केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी दिलं, एक वृद्धाश्रमात येणाऱ्या डॉक्टरांनी, एक आर्डिथनं. चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत "मेडिकलला जाणारी आपली मॅरेन" असं तिचं नाव यायला लागलं. मला तेव्हाच ते खटकलं होतं. अंडं फुटायच्या आधी कोंबड्या मोजू नयेत. पण मी काही बोलले नाही, कारण आतून बरं वाटत होतं.

नकार आला. मुलाखतीलाही बोलावलं नाही. छाननीतच अर्ज बाजूला पडला.

वेंडलनं हळूच पास्टरच्या कानावर घातलं, आणि पुढच्या रविवारी प्रार्थनेत मॅरेनचं नाव नव्हतं. कोणी काही विचारलं नाही. त्या वसंतात अख्खं गाव मॅरेनशी फक्त हवेबद्दल बोललं. पेट्रोल पंपावर हवा, दुकानात हवा, वृद्धाश्रमाच्या दारात हवा. तिच्या घरात कोणी गेलं असावं तसे लोक आवाज खाली आणून बोलायचे. ती दूध-ब्रेड आणायलाही शेजारच्या गावी जायला लागली. मी गाडीच्या पेट्रोलच्या काट्यावरून ओळखायचे, पण तिला कधी म्हटलं नाही.

नकार मिळालेल्यांना फोन करून कारण विचारायची सोय असते. मी म्हटलं, "उगाच कशाला त्यांना त्रास?" म्हणून तिनं कितीतरी दिवस केलाच नाही. शेवटी मे महिन्यात, पुन्हा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा केला. पलीकडची बाई भली होती. म्हणाली, गुण चांगले आहेत, कामाचा अनुभव चांगला आहे; पत्रं जरा थंड वाटली. त्यातलं एक तर फारच. कोणतं, ते तिला सांगता येत नव्हतं.

त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आर्डिथ कॉफीला आली होती. मी तिच्यापुढे खजुराच्या वड्या ठेवल्या. तिनं रिवाजाप्रमाणे दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतली.

"हे त्या केमिस्ट्रीवाल्याचं काम," मी म्हटलं. "व्हिटकॉम्ब. बॉस्टनकडचा आहे, शहरी."

"मी त्याला मॅरेनच्या कॉलेजच्या समारंभात बघितलंय," आर्डिथ म्हणाली. "जून महिन्यात गळ्यात मफलर होता. ज्याला स्वतःलाच ऊब नाही तो दुसऱ्याला काय देणार?"

मॅरेन म्हणाली, "मिसेस सोलहाइम, तो माणूस वाईट नाहीये हो."

"वाईट कोण म्हणतंय? तोंडातून चांगला शब्द निघत नाही एवढंच. असतात अशी माणसं. कीव करावी."

हे बोलताना ती शांतपणे वडी खात होती. मी मान हलवत होते. तो प्रसंग आठवला की अजून माझे कान तापतात.

"तुमचं पत्र?" मॅरेननं विचारलं.

"आहे तेच पुन्हा पाठवते. खरं ते खरं. एका वर्षात काय बदलणार?"

व्हिटकॉम्बना वगळलं, जीवशास्त्राच्या बाईंचं पत्र घेतलं. अर्ज दुसऱ्यांदा गेला.

ऑगस्टमध्ये नवल घडलं. त्या कॉलेजच्या छाननी समितीत दरवर्षी खेड्यांतली चार-दोन साधी माणसं घेतात, डॉक्टर नसलेली. आपल्याकडे येणारा डॉक्टर कसा असावा हे गावांनाही कळतं, म्हणून. त्या वर्षी आर्डिथला बोलावणं आलं. मॅरेनला ओळखते, तिला पत्रही दिलंय, हे तिनं पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. ते म्हणाले, ठीक आहे, तो अर्ज तुमच्याकडे येणार नाही आणि त्यावर चर्चा निघाली तर तुम्ही खोलीबाहेर जायचं. सगळं रीतसर. तरीसुद्धा मला आतल्या आत वाटलं, की चला, आपलं एक माणूस त्या दाराच्या आत आहे. आईचं मन असं चोरटं असतं.

चर्चच्या स्वयंपाकघराची सूत्रं बेव्ह अमुंडसनच्या हातात असतात. ती आर्डिथला म्हणाली, "आता तुझ्याशी बोलायचं तर आधी अर्ज करावा लागेल का गं?"

"केलास तरी मी नाकारीन."

आर्डिथला आनंद झाला होता हे आम्हाला तिच्या कोटावरून कळलं. तिनं नवा, गडद निळा कोट घेतला. जुना फाटला म्हणाली. जुना फाटला नव्हता.

सप्टेंबरमध्ये समितीच्या दोन दिवसांच्या शिकवणीला ती विद्यापीठात जाऊन आली, आणि तेव्हापासून बदलली. कॉफीला येईना. फोन केला तर "कामात आहे" म्हणायची. एकट्या बाईला कसलं काम? मग एका रविवारी ती चर्चमध्ये आपला नेहमीचा तिसरा बाक सोडून अगदी मागे जाऊन बसली. आमच्याकडे माणसं धर्म बदलतील, पण बाक बदलत नाहीत. पूर्ण प्रार्थनाभर माझ्या पाठीला तिची नजर टोचत होती. मी मागे वळून बघितलं तेव्हा ती पुस्तकात बघत होती, आणि पुस्तक मिटलेलं होतं.

मी माझ्यापरीनं अर्थ लावला. तिला मॅरेनच्या अर्जाबद्दल काहीतरी कळलंय. वाईट आहे. नियमामुळे सांगता येत नाही, म्हणून तोंड चुकवते. बीटच्या काढणीचे दिवस होते, वेंडल ट्रकवर असायचा, मॅरेन कामावर. मी घरात एकटी एकाच विचाराभोवती फिरत राहायचे. विचारावं तर कसं? आमच्याकडे असं सरळ विचारत नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी चर्चच्या तळघरात लेफ्से करायचा दिवस आला. नोव्हेंबरच्या मोठ्या जेवणासाठी शेकड्यांनी लागतात. उकडलेल्या बटाट्याची पोळी ती. कागदासारखी पातळ लाटायची, चपट्या लांब काठीवर उचलायची आणि कोरड्या तव्यावर टाकायची. आर्डिथ लाटायची, मी उचलायचे, बेव्ह भाजायची, हे कित्येक वर्षांचं ठरलेलं. आर्डिथची पोळी कधी फाटली नाही. त्या दिवशी ओळीनं तीन फाटल्या.

बेव्ह म्हणाली, "मोठ्या लोकांत बसायला लागल्यापासून हात बिघडला वाटतं."

चौथी फाटली. तिनं गोळा केला आणि लाटणं ठेवून दिलं.

मी धीर केला. म्हणजे आमच्या पद्धतीचा धीर. म्हटलं, "विद्यापीठाकडे रस्ते कसे होते गं?"

"रस्ते चांगले होते," आर्डिथ म्हणाली. मग पिठाकडे बघत म्हणाली, "लिनेट, मला तुला एक सांगायचंय. तू उचलत राहा, माझ्याकडे बघू नकोस."

उचलायला काही नव्हतं. मी काठी हातात धरून उभी राहिले.

"शिकवणीत आम्हाला तीन पत्रं दिली. खऱ्या मुलांची नव्हती, शिकवण्यासाठी रचलेली. म्हणाले, दमदार कोणतं, लेचंपेचं कोणतं, क्रम लावा. एक होतं पानभर. हिच्यासारखी मुलगी मी पाहिली नाही, ही अशी आणि ही तशी. मला वाटलं, मुलीचा सख्खा काका लिहितोय. दुसरं मधलंच. तिसरं चार ओळींचं. वेळेवर येते. तक्रार नाही. दिलेलं काम करते. पुन्हा कामावर घेईन. मी ते सगळ्यात वर ठेवलं."

"मग काय चुकलं?" बेव्ह म्हणाली. "मीसुद्धा तेच ठेवलं असतं."

"खोलीतल्या बाकी सगळ्यांनी ते तळाला ठेवलं. शिकवणाऱ्या बाई हसल्या. चांगल्या मनानं हसल्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, असं पत्र म्हणजे लिहिणाऱ्याला त्या मुलीबद्दल सांगण्यासारखं काही सापडलं नाही." आर्डिथनं हाताला चिकटलेलं पीठ चोळायला सुरुवात केली. "ते पत्र मी लिहिलेलं नव्हतं. पण तसंच्या तसं माझंच होतं, लिनेट. शब्दसुद्धा जवळपास तेच. मॅरेनचं थंड पत्र त्या मफलरवाल्याचं नव्हतं."

तव्यावरची शेवटची पोळी बेव्हनं न उलटताच उतरवली.

मी विचारलं, "आणि दुसऱ्यांदा आलेल्या मुलांचं? त्यांच्याबद्दल काय म्हणतात?"

"जुना अर्ज नव्याच्या शेजारी उघडतात. आधी एकच बघतात, मधल्या वर्षात बदललं काय. एक सर्जन होते, ते म्हणाले, मला ही मुलं आवडतात, खरोखर हवंय म्हणून पुन्हा दार वाजवतात. दुसरे एक म्हणाले, मला धास्ती वाटते. आधी कोणीतरी नाही म्हटलंय, म्हणजे काहीतरी असणार. तेव्हा त्या बाई म्हणाल्या, पहिल्यांदा नाही म्हणताना हात अडखळतो. दुसऱ्यांदा पायवाट पडलेली असते, हात आपोआप जातो. म्हणून दुसऱ्यांदा आलेल्याचं जास्त सावकाश वाचा."

"आणि पत्र देणाऱ्या बाईनं तेच पुन्हा पाठवलं असेल तर?"

आर्डिथनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मानेपासून लाल झाला होता. "तर वाचणारा म्हणणार, की वर्ष गेलं तरी या बाईला पोरीत काही सापडलं नाही."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आधी लाज आली, आणि राग तिच्यामागे उभा राहिला. ते चार ओळींचं पत्र मला कोणी दाखवलं असतं तर मी ते घडी करून बायबलमध्ये ठेवलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पीठ सुकतंय."

बेव्हच भानावर होती. "मग दुसरं पत्र पाठव की! एवढं काय?"

"समितीत बसलेल्या माणसाला पत्र देता येत नाही. जुनं आधी गेलेलं, म्हणून चाललं."

"मग?"

"काल फोन करून खुर्ची सोडली."

"आर्डिथ!" बेव्ह म्हणाली. "आणि नवा कोट?"

"चर्चला घालीन. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं घरचं काम आहे. नवं पत्र या आठवड्यात पोहोचलं तर मॅरेनचा अर्ज उघडायच्या आत लागेल. आणि मला ते लिहिता येत नाहीये."

"काय येत नाहीये?" मी विचारलं.

"टेबलाशी बसते. मॅरेन ही, असं लिहिते. पुढे चांगला शब्द लिहायला गेलं, की कोणीतरी चारचौघांत माझ्या अंगावरचे कपडे ओढतंय असं होतं. माझे आणि तिचेही. खोडते. चहा करते. पुन्हा बसते. हसू नकोस बेव्ह."

"मी कुठे हसतेय?" बेव्ह म्हणाली, आणि खरंच हसत नव्हती.

त्याच वेळी मॅरेन जिना उतरून आली. वृद्धाश्रमातली पाळी संपवून, कामाच्या निळ्या कपड्यांत, आमची खोकी गाडीत चढवून द्यायला. तिनं आम्हा तिघींचे चेहरे बघितले आणि म्हणाली, "बाहेर वारा सुटलाय." गावाची सवय तिलाही लागली होती.

आर्डिथनं एप्रनला हात पुसले. "तिथंच थांब. मला तुझ्याबद्दल काही बोलायचंय आणि तू मधे बोलायचं नाहीस."

मॅरेन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली.

"टॉलेफसन जेवत नव्हते," आर्डिथ म्हणाली. सुरुवातीला तिचा आवाज मेट्रनचा होता, अहवाल वाचल्यासारखा. "तू त्यांना प्रार्थना म्हणून दाखवलीस आणि ते जेवले. मरेपर्यंत जेवले."

"त्यात काय एवढं," मॅरेन म्हणाली. "कोणीही केलं असतं."

"कोणी केलं नव्हतं! आम्ही सगळे तिथेच होतो. मेट्रन मी होते. दर सोमवारी त्यांचं वजन उतरलेलं बघत होते. ते हात जोडून बसतात हे मला रोज दिसत होतं. मला वाटायचं, थंडीनं बोटं दुखत असतील." आवाज मेट्रनचा राहिला नाही. "सोळा वर्षांच्या पोरीनं जे बघितलं ते मला दिसलं नाही. आणि मी तुला काय म्हटलं? ताट रिकामं दिसतंय! माझ्या हाताखाली इतक्या जणी आल्या आणि गेल्या, तुझ्यासारखी एकही नव्हती. मी आजारी पडले तर मला तुझ्यासारखा डॉक्टर हवा. तुझ्यासारखा नको, तूच हवीस. घ्या. बोलले."

कोणी कोणाकडे बघेना. मॅरेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती कठड्याचा रंग नखानं खरवडत होती.

"लेफ्से करपला," बेव्ह म्हणाली आणि पाठ फिरवून तव्यावर वाकली. तवा रिकामा होता. मी बघितला होता.

शेवटी मॅरेन म्हणाली, "मग मिसेस सोलहाइम, उद्या येऊ ना?"

आर्डिथला आधी कळलं नाही. मग ती इतकी हसली की तिला खुर्ची घ्यावी लागली. ते हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते आम्ही बघितलं नाही. आमच्याकडे अशा वेळी भांडी घासायला घेतात. आम्ही घेतली.

पातेली पुसताना आर्डिथ माझ्या शेजारी उभी होती. मला वाटलं, आता तिचं मन हलकं झालं असेल. ती म्हणाली, "शेरिल एंगेन. डोना, ती नदीकाठच्या घरातली. पॅटी क्वाले. त्या ठेंगण्या पोरीचं नाव काय गं, शिट्टी वाजवणारी?"

"कोण या?"

"नर्सिंगला जायचं होतं त्यांना. कोणाला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. सगळ्यांनी माझ्याकडे पत्र मागितलं होतं. सगळ्यांना मी तेच चार ओळींचं दिलं. अभिमानानं दिलं." तिनं पातेलं पालथं ठेवलं. "शेरिल किराणा दुकानात गल्ल्यावर बसते. मी आजवर समजत होते, तिलाच पुढे जायचं नव्हतं."

मी तिच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि कोरडं दिलं.

पत्र गेलं. त्यात काय होतं ते मला माहीत नाही आणि असूही नये. पोस्टाच्या दारात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "दोन पानं झाली. देवा रे." व्हिटकॉम्बना तिनं लेफ्सेचं एक पुडकं पाठवलं, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आमच्याकडे माफी अशीच मागतात. त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं उलट पानभर आभार लिहिले. असा पदार्थ जन्मात खाल्ला नव्हता, तोंडात विरघळतो, त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्डिथनं ते पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाली, "बघ. आणि याला मी थंड म्हटलं होतं." शेरिलच्या रांगेत ती आता किराणा घेऊन उभी राहत नाही, दुसऱ्या गल्ल्यावर जाते. तोंड दाखवायचं धाडस होत नाही म्हणते. समितीतली तिची खुर्ची दुसऱ्या गावच्या कोणाला तरी मिळाली. निळा कोट घालून ती चर्चला येते, पण अजून मागच्याच बाकावर बसते.

मागच्या आठवड्यात सकाळी मॅरेन पायमोज्यांवरच स्वयंपाकघरात आली आणि तिनं फोन माझ्यापुढे धरला. छाननीतून पुढे गेली होती. मुलाखतीला बोलावलं होतं.

गेल्या वर्षी जे दार उघडलंच नव्हतं ते उघडलं होतं. आणि मी काय म्हटलं?

"बरं झालं. वाटेत बर्फ असेल. बाबांना टायर बघायला सांग."

मॅरेननं फोन खिशात घातला. हसत होती, पण पूर्ण नाही. "आई," ती म्हणाली, "आता मिसेस सोलहाइमनासुद्धा तुझ्यापेक्षा बरं बोलता येतं."

ती कामावर गेली. मी ओट्याशी तशीच उभी राहिले. त्या तळघरात आर्डिथ बोलली तेव्हा मी काठी धरून उभी होते, आणि माझ्या मनात आलं होतं, की परक्या बाईला हे सगळं दिसलं आणि तिनं ते चारचौघांत बोलूनही टाकलं. मला तर ते तिच्याआधी दिसत होतं. मग मी कशाची वाट बघत होते? मीही हात जोडून बसलेल्या टॉलेफसनसारखी, दुसऱ्या कोणी सुरुवात करावी म्हणून थांबले होते, की मेट्रनसारखी समोर उभी राहून नुसतं वजन बघत होते?

मुलाखत उद्या आहे. वेंडलनं टायर बघितलेत. मॅरेन झोपली आहे. ती निघताना मी तिला एक वाक्य सांगणार आहे. सगळ्यांत आधी ते इथे लिहून बघते, म्हणजे सकाळी जीभ अडखळणार नाही. तू माझी मुलगी आहेस याचा मला अभिमान आहे, आणि त्यांनी हो म्हटलं की नाही यावर तो अवलंबून नाही.

एवढंच आहे. लिहून झाल्यावर मी मान वर करून जिन्याकडे बघितलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून. कान तापलेत. आर्डिथला फोन करून विचारावं का, की दुसऱ्यांदा बोलताना थोडं सोपं जातं का?